निदान आणि दोषारोप

दोष कोणाचा, हा प्रश्न मनुष्यास फार लवकर सुचतो. दोष कशांत आहे, हा प्रश्न त्यास बहुधा उशिरां सुचतो, आणि पुष्कळदां सुचतच नाहीं. घरांत मांडणीवरचें भांडें पडलें तर तें कोणीं पाडलें याची चौकशी लागलीच सुरू होते. मांडणीच एका बाजूस कलली आहे कीं काय हें पाहण्यास कोणी उठत नाहीं. कारण पहिल्या प्रश्नाचें उत्तर बसल्या जागीं मिळतें, व दुसऱ्याचें मिळविण्यास उठावें लागतें. हा आळस केवळ बुद्धीचा असता तर त्याबद्दल फारसें लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु एखाद्या बिघाडाचें कारण म्हणून ज्या क्षणीं आपण माणसाकडे बोट दाखवितों, त्या क्षणीं आपण न्यायाधीशाच्या आसनावर बसलेलों असतों. आणि त्या आसनावरचा आळस हा नुसता आळस राहत नाहीं. निदान करणें हें ज्ञानाचें काम आहे कीं नीतीचें, हा प्रश्न आम्ही या लेखांत विचारासाठीं घेतला आहे. तो आमच्यापुढें ज्या प्रसंगानें उभा राहिला तो प्रसंग इतका क्षुल्लक आहे कीं वाचकांस प्रथम हसूं येईल. आमच्या मोटारसायकलच्या इंजिनांतील तेलांत पेट्रोल मिसळलें, एवढाच तो प्रसंग होय.

आमचें राहणें माळशिरसचें. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाकडील या तालुक्यांत निरेच्या उजव्या कालव्याचें पाणी जेथें पोंचलें तेथें ऊंस उभा राहिला, आणि जेथें पोंचलें नाहीं तेथें अजूनहि ज्वारी आणि आभाळ यांचाच आधार आहे. वस्त्या शेतांतून विखुरलेल्या. शाळा, दवाखाना, दूधसंकलनाची जागा, बाजार हीं सर्व कांहीं ना कांहीं अंतरावर. अशा मुलखांत मोटारसायकल ही चैनीची वस्तु नव्हे. दुधाच्या किटल्या, खताचें पोतें, शाळेस निघालेलीं दोन मुलें, तापानें फणफणलेली म्हातारी, या सर्वांचा भार ती वाहते. पूर्वीं जो मान गोठ्यांतल्या बैलाचा होता तो आज ओट्याशेजारीं उभ्या असलेल्या या वाहनाचा आहे. आमची गाडी शंभर सी.सी.ची, जुन्या तऱ्हेची, कार्ब्युरेटरची. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसा होऊन त्याची जागा इंजेक्शननें घेतली. तथापि आमच्या बाजूच्या रस्त्यांवर जुन्या गाड्या अद्याप पुष्कळ धांवतात, व त्यांच्या खोडी अद्याप लोकांच्या ओळखीच्या आहेत.

एका ज्येष्ठ महिन्यांत आम्हीं गांवांतील एका गॅरेजांत या गाडीचें तेल बदलून घेतलें. आठ दिवसांनीं सहज म्हणून डिपस्टिक, म्हणजे तेलाची उंची दाखविणारी खुणेची पट्टी, काढून पाहिली. तों तेल वरच्या खुणेच्याहि वर चढलेलें! आमच्या मनांत पहिला भाव आला तो समाधानाचा. जुन्या गाड्या तेल खातात, ही तक्रार घरोघरीं ऐकूं येते. आमची गाडी खात तर नाहींच, उलट तिच्या अंगीं तेल लागत आहे, असें कांहींसें आम्हांस वाटलें. सूज म्हणजे बाळसें नव्हे, ही म्हण आम्ही शाळेंत मुलांस कित्येक वर्षें शिकविली. परंतु आपल्या दारांतली सूज पाहून ती आठवली नाहीं. शेजाऱ्यांनीं सांगितलें कीं, तेल प्रमाणाबाहेर असणेंहि वाईटच. तेव्हां आम्ही गाडी घेऊन गॅरेजांत गेलों आणि मिस्त्रींना पट्टी दाखविली.

मिस्त्रींनीं पट्टी पाहिली, गाडी पाहिली, व मग आपल्या हाताखालच्या मुलाकडे पाहिलें. हा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. "सर, हें या पोरानंच जास्त ओतलंय. किती वेळा सांगितलं, मापानं ओत म्हणून." मुलगा म्हणाला, "मी मापानंच ओतलं होतं." तो हें एकदांच म्हणाला. गॅरेजांत त्या वेळीं आणखी चार-पांच गिऱ्हाइकें होतीं. त्यांच्या देखत त्यास पुष्कळ बोलणीं खावीं लागलीं, आठवड्याच्या पगारांतून तेलाची किंमत कापली गेली, व उद्यांपासून येऊं नकोस असेंहि सांगण्यांत आलें. मिस्त्रींनीं खालचा बोल्ट सैल करून जादा तेल काढून टाकलें, पट्टीवर पातळी दोन खुणांच्या मध्यें आणून दाखविली, आणि आम्ही घरीं आलों. आम्ही कांहींच बोललों नव्हतों. आम्हीं कोणावर आरोप केला नव्हता, केवळ पट्टी दाखविली होती, असें आम्ही वाटेंत स्वतःस सांगत होतों. काढलेल्या तेलाचा वास घेऊन पाहावा असें आम्हांस सुचलें नाहीं, आणि सुचलें असतें तरी गॅरेजांत सगळीकडे पेट्रोलचाच वास भरलेला असतो.

पुढें आषाढी वारी आली. श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुत्यावरून माळशिरसास मुक्कामास येते व येथून वेळापुरास जाते. या दिवसांत सडक वारकऱ्यांची असते, वाहनाची नसते. घरीं पाहुण्यांची व वारकऱ्यांची वर्दळ. गाडी परड्यांत एका कोपऱ्यांत आठ दिवस उभी राहिली, ती कोणीं हलविली नाहीं. पालखी पुढें गेल्यावर ती सुरू करूं गेलों तर ती सुरू होईना. झाली ती पुष्कळ धूर टाकून. पट्टी काढली. तेल पूर्वींपेक्षांहि वर चढलें होतें.

या वेळीं मात्र कोणीं ओतलें असें म्हणण्याची सोय नव्हती. ज्याच्याकडे बोट दाखवावें असा माणूसच उरला नव्हता, म्हणून नाइलाजानें आम्ही विचार करूं लागलों. हें वाक्य लिहितांना आम्हांस लाज वाटते. पण तें खरें आहे, आणि या लेखाचें सारें कारण त्यांतच आहे.

प्रथम या रोगाची संप्राप्ति कशी होते तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. पेट्रोलची टाकी वर व कार्ब्युरेटर खालीं, अशी या गाडीची रचना असल्यामुळें पेट्रोल स्वतःच्या वजनानें खालीं उतरतें. कार्ब्युरेटरच्या वाटींत फ्लोट, म्हणजे एक तरंगणारा तुकडा, असतो. वाटी भरत आली कीं तो उचलला जातो व एका निमुळत्या सुईच्या योगानें पेट्रोल येण्याचें भोंक बंद करतो. या सुईचें टोक झिजलें, किंवा टाकींतील गंजाचा एखादा कण तेथें अडकला, तर भोंक पुरतें बंद होत नाहीं. गाडी चालूं असतांना हें कळत नाहीं, कारण इंजिन पेट्रोल पीतच असतें. परंतु गाडी उभी असून टाकीखालची तोटी, जिला गॅरेजांत कॉक म्हणतात, उघडी राहिली तर वाटी हळूहळू ओसंडूं लागते. ओसंडलेलें पेट्रोल बाहेर टाकणारी नळी मोकळी असली तर तें जमिनीवर पडतें व मालक सावध होतो. ती चोंदली असली तर तें आंतल्या वाटेनें सिलिंडरांत उतरतें, पिस्टनच्या रिंगांतील बारीक फटींतून झिरपतें, आणि सकाळपर्यंत तेलांत मिसळून जातें. एवढ्या गाडीच्या इंजिनांत तेल तें काय एक लिटरच्या आसपास. त्यांत शंभर मिलिलिटर पेट्रोल उतरलें तरी तेलाच्या एक-दशांश भर पडली. भर पडली खरी, परंतु तेलाचें तेलपण तेवढें गेलें. धातूच्या दोन पृष्ठभागांमध्यें जो स्निग्ध पापुद्रा राहावयाचा तो विरळ झाला, आणि यंत्र आंतल्या आंत स्वतःसच खाऊं लागलें.

हा कांहीं पेट्रोल तेलांत जाण्याचा एकमेव मार्ग नव्हे. चोक ओढलेला तसाच राहणें, प्लगची ठिणगी मधून मधून चुकणें, रिंगा झिजणें, हेहि मार्ग आहेत. इंजेक्शनच्या गाडींत गळका इंजेक्टर हें काम करतो. आणि सर्वांत साधा मार्ग म्हणजे आंखूड फेऱ्या. थंड इंजिनांत पेट्रोलचा कांहीं अंश न जळतां तेलांत उतरतोच. इंजिन चांगलें तापलें कीं तो उडून जातो. पेट्रोलमधील अगदीं हलके भाग ३५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास उकळूं लागतात, तर जड भागांस २०० अंशांच्या जवळपास उष्णता लागते. म्हणून लांबच्या प्रवासांत पुष्कळसें पेट्रोल निघून जातें, सर्व जात नाहीं. वस्तीवरून गांवांत व गांवांतून वस्तीवर, अशा दीड-दोन किलोमीटरांच्या फेऱ्या दिवसभर करणाऱ्या गाडीस मात्र तें उडवून लावण्याइतकी ऊब कधींच मिळत नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, तेलांत पेट्रोल आहे हें ओळखावें कसें? या ठिकाणीं आम्हांस जें शिकावें लागलें तें यंत्रांपुरतेंच खरें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. प्रत्येक लक्षण कांहीं खरें सांगतें, आणि प्रत्येक लक्षण एखाद्या बाजूनें फसवितें.

रंगाचेंच घ्या. तेल काळें झालें कीं लोक तें वाईट झालें असें समजतात. वस्तुतः चांगलें तेल काजळी आपल्या अंगावर घेतें म्हणूनच काळें होतें. घर झाडणाऱ्याचे हात मळावे तसाच हा प्रकार. काळेपणा हा पेट्रोलचा पुरावा नव्हे. तेल दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी गेलें असा संशय घ्यावा. पेट्रोल तेलास दुधाळ करीत नाहीं. पातळीचें म्हणाल, तर ती वाढली हें कळण्यासाठीं ती पूर्वीं किती होती व कशी मोजली होती हें ठाऊक पाहिजे. गाडी बाजूच्या स्टँडवर कलती उभी करून मोजली तर एक उत्तर, मधल्या स्टँडवर सरळ उभी करून मोजली तर दुसरें. आमच्या जातीच्या गाडींत पट्टी आट्यांत न फिरवितां नुसती टेकवून मोजावयाची असते. ती फिरवून बसविली तर तेल आहे त्याहून अधिक दिसतें. गाडी सपाट जागीं कांहीं मिनिटें चालवून, बंद करून, दोन-तीन मिनिटें थांबून मोजलें तरच त्या मापास अर्थ. गॅरेजांत पट्टी दाखवितांना यांतलें आम्हीं कांहींहि पाळलें नव्हतें. म्हणजे ज्या साक्षीदाराच्या जबानीवर त्या मुलास शिक्षा झाली त्या साक्षीदाराची उलटतपासणीसुद्धां झाली नव्हती.

राहिला वास. हें लक्षण सर्वांत उपयोगी, आणि म्हणूनच सर्वांत जपून वापरण्याचें. आमच्या नैयायिकांनीं धूर आणि अग्नि यांचा दृष्टान्त पिढ्यान्‌पिढ्या घोळविला आहे. धूर आहे तेथें अग्नि आहे, हें अनुमान शुद्ध. परंतु अग्नि आहे तेथें धूर आहे, हें अशुद्ध. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे, धूर नाहीं. धूर निघण्यास ओल्या सरपणाचा संयोग लागतो, आणि यासच ते उपाधि म्हणतात. त्याच न्यायानें पाहतां, तेलांत पेट्रोल फार झालें असेल तर वास येईलच. परंतु वास आला म्हणजे तें फार झालें असें मात्र ठरत नाहीं. वापरलेल्या तेलास थोडा वास असावयाचाच. म्हणून नुसता वास घेऊन भागत नाहीं. वासाची तुलना करावी लागते. आम्हीं शेजाऱ्यांच्या तशाच गाडींतील थोडें तेल मागून आणलें, बाजारांतून न वापरलेलें तेल आणलें, आणि आमचें असे तीन थेंब एका जुन्या टीपकागदावर शेजारीं शेजारीं सोडले. सकाळपर्यंत तिन्ही पसरले. आमच्या थेंबाभोंवतीं मात्र फिकट, रुंद असें एक कडें दूरवर गेलेलें होतें. बोटांच्या चिमटींत धरून पाहतां आमचें तेल पाण्यासारखें निसटत होतें. कोणी अशा तेलास काडी लावून पाहतात. तसें मुळींच करूं नये. प्रयोगशाळेंत हीच गोष्ट नियमानें मोजतात: इंजिनाच्या चांगल्या तेलाची वाफ पेट घेण्यास २०० अंशांहून अधिक उष्णता लागते, आणि पेट्रोलची वाफ शून्याखालीं ४० अंशांवरहि पेट घेते, थोडें पेट्रोल मिसळलें तरी तेलाचा हा अंक झपाट्यानें खालीं येतो. तें काम उपकरणांचें, परड्यांतलें नव्हे.

एवढ्यानें तेलांत पेट्रोल आहे हें ठरलें. तें कोठून आलें हें अद्याप ठरलें नव्हतें. आणि येथेंच पुष्कळ लोक थांबतात. गांवांत ज्यांस ज्यांस विचारलें त्यांच्यापैकीं निम्म्यांनीं इथेनॉलचें नांव घेतलें. पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ सालीं झाले, त्यांत आपल्या महाराष्ट्रांतील मिरज व मनमाड हीं ठिकाणें होतीं. पुढें प्रमाण वाढत वाढत शेंकडा वीसपर्यंत आलें. ज्या तालुक्यांत ऊंस हेंच दैवत, त्या तालुक्यांत उंसापासून निघालेल्या पदार्थास इतक्या तत्परतेनें दोष मिळावा, याचें आम्हांस नवल वाटलें. इथेनॉल ओलावा ओढून घेतें व कांहीं जुन्या रबरांस तें मानवत नाहीं, हें खरें. म्हणून तो एक रास्त संशय आहे. परंतु संशय हा तपासाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. नवें काळें मांजर आडवें गेलें म्हणून जुना पाय मोडत नसतो.

तेव्हां आम्हीं नैयायिकांचीच दुसरी एक युक्ति वापरली. तिचें नांव अन्वयव्यतिरेक. जें असतां कार्य घडतें व जें नसतां घडत नाहीं तें कारण, असा तिचा मथितार्थ. नवें तेल मोजून ओतलें, पातळी लिहून ठेवली, आणि गाडी चार दिवस तोटी बंद करून उभी ठेवली. पातळी केसभरहि हलली नाहीं. मग गाडी तशीच, जागा तीच, तेल तेंच, पेट्रोल तेंच. फक्त तोटी उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पातळी वर चढलेली. इथेनॉल दोन्ही वेळां होतें, माणसाचा हात दोन्ही वेळां नव्हता. फरक होता तो तोटीचा. कार्ब्युरेटर उघडला तेव्हां वाटींतील सुईचें टोक झिजलेलें व बाहेरची नळी मातीनें चोंदलेली सांपडली. आणि तोटी कोण उघडी ठेवीत असे? गेलीं कित्येक वर्षें गाडीवरून उतरून ती तशीच सोडून देणारे आम्हीच.

आमच्या वैद्यकानें रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. यांपैकीं उपशय म्हणजे औषध, आहार किंवा विहार बदलून पाहणें. ज्यानें उतार पडतो त्यावरून दडलेला रोग ओळखणें. हें साधन मोठें मार्मिक आहे, परंतु त्याचा दुरुपयोगहि तितकाच सोपा आहे. मिस्त्रींनीं जादा तेल काढून टाकलें, पातळी खुणेवर आली, आणि आम्हां दोघांसहि वाटलें कीं रोग गेला, अर्थात् आमचें निदान बरोबर होतें. प्रत्यक्षांत गेलें होतें तें लक्षण. विरळ झालेलें तेल आंत तसेंच राहिलें, आणि त्यावर आम्ही आणखी फिरत राहिलों. लक्षण दडपल्यानें रोग्याचें समाधान होतें, वैद्याची कीर्ति होते, आणि रोगास वेळ मिळतो.

याहून एक कपटी अवस्था आहे. समजा, रिंगा झिजून इंजिन थोडें थोडें तेल जाळीत आहे, आणि त्याच वेळीं थोडें थोडें पेट्रोल तेलांत उतरत आहे. एकानें घट होते, दुसऱ्यानें भर पडते, आणि पट्टी रोज तीच निर्दोष पातळी दाखविते. दोन दोष एकमेकांस झांकतात व मालक निश्चिंत झोंपतो. अशीं इंजिनें थोडीं असतील, परंतु अशीं घरें थोडीं नाहींत. कारखान्याची उचल आणि नात्यांतली उसनवारी यांनीं रोजचा खर्च भागत असतो, पातळी ढळलेली नसते, आणि तेल केव्हांच संपून जाऊन त्याच्या जागीं दुसरेंच कांहीं भरलें आहे हें घर सांधा करकरूं लागल्यावर कळतें. पातळी किती, हा प्रश्न पुरेसा नाहीं; पातळी कशाची, हा विचारला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल कीं, पेट्रोल तेलांत गेलें म्हणजे दोष हा झालाच. त्यांत एवढी चिकित्सा कशास? परंतु तेंहि सर्वथा खरें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अतिथंड प्रदेशांतील विमानतळांवर इंजिन बंद करण्यापूर्वीं त्याच्या तेलांत मोजून पेट्रोल सोडण्याची व्यवस्था असे. रात्रीच्या थंडीनें तेल थिजूं नये व सकाळीं इंजिन फिरावें, हा हेतु. इंजिन तापलें कीं पेट्रोल उडून जाई व तेल पूर्ववत् होई. तोच पदार्थ, तेंच मिश्रण. जाणून, मोजून व वेळेवर केलें तें औषध, नकळत, बेमाप व अवेळीं झालें तें विष. तेव्हां दोष वस्तूंत नसतो. तो प्रमाणांत व सावधपणांत असतो.

मग या सर्व प्रकरणांत दोषी कोण? सुई झिजली, तो तिचा धर्म. जें घासतें तें झिजतेंच. तोटी आम्हीं उघडी ठेवली, ती अज्ञानानें. त्यांत प्रमाद आहे, पण पाप म्हणण्याइतका तो मोठा नाहीं. मिस्त्रींचा तर्क असंभाव्य नव्हता. नवशिक्या हातून तेल जास्त पडतें, हें त्यांनीं अनेकदां पाहिलें असेल. त्यांच्या दारांत एका सकाळीं वीस गाड्या उभ्या असतात. प्रत्येकीसाठीं टीपकागद पसरून बसावें असें त्यांस सांगणें हा रिकामटेकड्याचा उपदेश होय. ही हरकत रास्त आहे, आणि तिला उत्तर दिल्यावांचून आमचें म्हणणें पुरें होणार नाहीं.

आमचें उत्तर असें आहे. दुरुस्तीसाठीं संभव पुरतो. दोषारोपासाठीं निश्चय लागतो. सुई झिजली असावी अशा नुसत्या संशयावरून सुई बदलली, तर चूक झाल्यास थोडे पैसे वायां गेले. सुईस कांहीं वाटत नाहीं. वैद्यहि पुष्कळदां अंदाजानेंच औषध देतो आणि तसें न करील तर रोगी वांचणार नाहीं. परंतु त्याच अंदाजावर माणूस बदलतां येत नाहीं. माणूस हा सुटा भाग नव्हे. त्यास काढून पाहिलें व चुकलें म्हणून पुन्हां बसविलें, असें होत नाहीं. मिस्त्रींनीं अंदाजानें तेल काढलें यांत अनीति नव्हती. त्याच अंदाजानें मुलास काढलें यांत होती. आणि ज्यास घाई नव्हती, ज्याच्या दारांत वीस गाड्या नव्हत्या, ज्यास "मी मापानंच ओतलं होतं" हें वाक्य स्पष्ट ऐकूं आलें होतें, असा तेथें एकच माणूस उभा होता. तो मात्र गप्प राहिला. आम्हीं केवळ पट्टी दाखविली, हें खरें. परंतु पट्टी दाखविणाराच फिर्यादी असतो, आणि आपल्या फिर्यादीवर शिक्षा होतांना फिर्यादीस गप्प राहण्याचा अधिकार नाहीं. अज्ञान हा आमचा दोष नव्हता. अज्ञान असतां निश्चय झाल्यासारखें वागणें हा होता.

निदान हें ज्ञानाचें काम कीं नीतीचें, या आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस एवढेंच देतां येतें कीं, जोंपर्यंत निदानाचा परिणाम वस्तूवर होतो तोंपर्यंत तें ज्ञानाचें काम आहे, आणि ज्या क्षणीं त्याचा परिणाम माणसावर होतो त्या क्षणीं तें नीतीचें होतें. पुराव्याचें माप त्या क्षणीं बदललें पाहिजे. न्यायालयांत हा भेद कायद्यानें पाळला जातो. घरांत, शाळेंत, कचेरींत व गॅरेजांत तो पाळण्यास कायदा नाहीं, आणि बहुतेक माणसांचा बहुतेक न्याय तर याच ठिकाणीं होत असतो. आम्ही इतकीं वर्षें वर्गांत उभे होतों. हरवलेल्या पेन्सिली आणि फुटलेल्या कांचा यांचा निवाडा आम्हीं किती वेळां पट्टी नीट न मोजतां केला असेल, हें आतां आठवूं नये असें वाटतें, पण आठवतें.

मिस्त्रींस झिजलेली सुई दाखविली तेव्हां ते बराच वेळ ती उलटसुलट करून पाहत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही पट्टी दावली, म्हणून मी बोललो." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मुलगा अकलूजच्या वाटेवरील दुसऱ्या एका गॅरेजांत लागल्याचें कळलें. तेथें आम्ही गेलों. चार लोकांत त्याचा अपमान झाला होता, म्हणून जें सांगावयाचें तें त्याच्या नव्या मालकासमोर व तेथील गिऱ्हाइकांसमोरच सांगितलें, आणि कापली गेलेली रक्कम त्याच्या हातीं दिली. त्यानें ती मोजून घेतली. माफ केलें असें तो म्हणाला नाहीं, आणि आम्हींहि तें त्याच्याकडून वदवून घेतलें नाहीं. थोड्या वेळानें तो म्हणाला, "नीडल आणलीया का? दावा बघू." सुईच्या टोकावरून त्यानें अंगठ्याचें नख फिरविलें. "हितं खाच पडलीया बघा. नवी टाका. आणि रातच्याला कॉक बंद करत जावा."

आम्हांस आठ दिवस व तीन थेंब लागले. त्यास नखाचा एक फेरा पुरला. त्या दिवशीं गॅरेजांत आम्हीं त्यास एकच प्रश्न विचारला असता, मग हें तेल कशानें वाढलें असेल, तर बहुधा सर्व प्रकरण तेथेंच उलगडलें असतें. परंतु आरोपीस तज्ज्ञ म्हणून प्रश्न विचारण्याची चाल आपल्याकडे नाहीं.

नवी सुई बसविली आहे. नळी मोकळी केली आहे. तोटी आतां उघडी राहिली तरी पेट्रोल उतरत नाहीं. तरीहि संध्याकाळीं गाडी लावतांना आम्ही वांकून ती बंद करतों.